स्लाव्हिया की व्हर्टस? चाकणच्या दोन जुळ्या सेडानमधून आपली गाडी कशी निवडावी

पंधरा-सोळा लाखांत चालवायला खरोखर मजा येईल अशी सेडान हवी, असं कुणी म्हणालं की बोलणं थोड्याच वेळात स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टसवर येतं. मग दोन्ही गाड्यांचे तक्ते समोर ठेवून आकडे ताडून पाहणं सुरू होतं, आणि माझ्या मते पहिली चूक तिथेच होते. हे आकडे जवळजवळ सगळे सारखेच आहेत. दोन्ही गाड्या पुण्याजवळ चाकणच्या एकाच कारखान्यात, एमक्यूबी-ए०-आयएन या भारतासाठी बेतलेल्या एकाच पायावर तयार होतात. इंजिनं, गिअरबॉक्स, चाकांमधलं अंतर (२६५१ मिमी), ५२१ लिटरची डिकी, ४५ लिटरची टाकी, सगळं तेच. स्लाव्हिया ४५४१ मिमी लांब, व्हर्टस ४५६१ मिमी. ही दोन सेंटीमीटर बंपरमध्ये गेली आहेत, आत बसणाऱ्याला त्यातलं काही मिळत नाही.

स्लाव्हिया २०२२च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात आली, व्हर्टस त्याच वर्षी जूनमध्ये. त्याआधीची स्कोडा रॅपिड आणि फोक्सवॅगन व्हेंटो ही सेडानची जोडीसुद्धा अशीच होती, एकाच घरातली. तेव्हा 'यातली कोणती भारी?' या प्रश्नाला इंजिनाच्या बाजूने उत्तर नाही. 'मला कोणतं इंजिन, कोणता गिअरबॉक्स, कोणती सीट आणि कोणतं वर्कशॉप जमेल?' या प्रश्नाला आहे. बोनेटवरचा बिल्ला शेवटी ठरवायचा. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

पहिली पायरी: आधी इंजिन ठरवा

दोन्ही गाड्यांत दोन पेट्रोल इंजिनं मिळतात. एक लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन ११५ पीएस (अश्वशक्तीचं एकक) ताकद आणि १७८ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, देतं. दीड लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन १५० पीएस आणि २५० न्यूटन-मीटर देतं. डिझेल नाही, कंपनीची सीएनजी नाही, हायब्रिडही नाही.

कागदावर हा फरक ३५ पीएसचा. रस्त्यावर तो टॉर्कमध्ये कळतो. दीड लिटरच्या इंजिनात २५० न्यूटन-मीटर मिनिटाला १६०० फेऱ्यांपासून ३५०० फेऱ्यांपर्यंत सपाट मिळतात. म्हणजे खंबाटकी घाटात, गाडीत चार माणसं आणि सामान, पुढे रेंगाळणारा ट्रक आणि उजवीकडे थोडीच मोकळी जागा, अशा वेळी गिअर उतरवण्याआधीच गाडी पुढे निघते. एक लिटरचं इंजिनही कमकुवत नाही, पण साधारण पावणेदोन हजार फेऱ्यांच्या खाली ते सुस्त असतं. गतिरोधकावरून दुसऱ्या गिअरमध्ये उतरताना तो क्षणभराचा उशीर स्पष्ट जाणवतो. तीन सिलिंडरची बारीक थरथर सिग्नलवर उभं असताना सीटपर्यंत येते. काहींना ती कधीच खटकत नाही, काहींना रोज खटकते. तुम्ही यातले कोण, हे दहा मिनिटं गाडी चालू ठेवून आत बसल्यावर कळतं.

दीड लिटरच्या इंजिनाची एक खुबी फार कमी ग्राहकांना समजावून सांगितली जाते. सपाट रस्त्यावर, पाय हलका ठेवून एकसारख्या वेगात चाललं की या इंजिनाचे मधले दोन सिलिंडर बंद होतात आणि उरलेले दोनच गाडी ओढतात. जोर लागला की चारही पुन्हा सुरू. हे इतकं अलगद होतं की मीटरवर पाहिल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे महामार्गावर ताशी ९०-१०० किमी वेगाने या मोठ्या इंजिनाचं अॅव्हरेज लहान इंजिनाच्या फार मागे राहत नाही. शहरातल्या कोंडीत मात्र दोन्ही टर्बो इंजिनं पेट्रोल पितात. रोज हिंजवडी किंवा ठाण्याच्या गर्दीत तासभर अडकणाऱ्याने कंपनीने छापलेल्या आकड्यावर महिन्याचा खर्च मांडू नये.

माझं मत स्पष्ट आहे. सेडान 'स्पोर्ट' म्हणून घेत असाल तर दीड लिटरच घ्या. वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर, तेही गावातल्या गावात, असं असेल तर एक लिटर पुरेसं आहे. उरलेले पैसे विस्तारित वॉरंटीत आणि चांगल्या टायरमध्ये घाला.

दुसरी पायरी: गिअरबॉक्स, आणि इथे घाई नको

एक लिटरसोबत सहा गिअरची मॅन्युअल किंवा सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक येत आली आहे. दीड लिटरसोबत सहा गिअरची मॅन्युअल किंवा सात गिअरचा डीएसजी. व्हर्टसमध्ये सुरुवातीला दीड लिटरला फक्त डीएसजी होता, मॅन्युअल २०२३ मध्ये आली. मॅन्युअल मिळते का आणि कोणत्या श्रेणीत, हे दर वर्षी बदलतं, म्हणून शोरूमला फोन करताना पहिला प्रश्न हाच विचारा.

डीएसजी म्हणजे दोन क्लचचा गिअरबॉक्स. एका क्लचवर विषम गिअर, दुसऱ्यावर सम. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच तयार असतो, म्हणून गिअर बदलताना ओढ तुटत नाही. मोकळ्या रस्त्यावर याच्यासारखं सुख नाही. पण या गाड्यांतला डीएसजी कोरड्या क्लचचा आहे, म्हणजे क्लच तेलात बुडालेले नसतात. इंच-इंच सरकणाऱ्या रांगेत ते अर्धवट पकडीत घासत राहतात आणि तापतात. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये हे काम द्रव पदार्थ करतो, म्हणून तो कोंडीत जास्त निवांत असतो. सात गिअरच्या या डीएसजीचा इतिहासही माहीत असावा: २०१३ मध्ये त्याच्या तेलासाठी कंपनीने जगभरातल्या लाखो गाड्या परत बोलावल्या होत्या. त्यानंतर त्यात सुधारणा होत गेल्या आहेत. तरी डीएसजी घेणाऱ्याने विस्तारित वॉरंटी घ्यायचीच, हे माझ्या लेखी ऐच्छिक नाही.

डीएसजी वापरायची रीतही वेगळी आहे. पुढच्या गाडीमागे दर दोन फुटांनी सरकू नका. गाडीभर जागा होऊ द्या आणि मग एकदाच पुढे घ्या. उभं राहताना ब्रेक पूर्ण दाबा, म्हणजे क्लच सुटतो. अर्धवट ब्रेकवर गाडी रेंगाळत ठेवली की क्लच घासतो. चढावर अॅक्सिलरेटरच्या जोरावर गाडी जागेवर धरून ठेवू नका. दोन्ही गाड्यांना हाताने ओढायचा साधा हँडब्रेक आहे, तो वापरा. चढावर गाडी मागे जाऊ न देणारा हिल-होल्ड फक्त दोनेक सेकंद गाडी धरतो.

मग निवड कशी करायची? रोजच्या प्रवासात तुंबलेले सिग्नल जास्त आणि तुम्हाला ऑटोमॅटिकच हवी, तर एक लिटर टॉर्क कन्व्हर्टर आणि दीड लिटर डीएसजी या दोन्ही गाड्या त्याच तुमच्या रस्त्यावर चालवून पाहा. आठवड्याला घाट किंवा महामार्ग होत असेल तर डीएसजी. डाव्या पायाची तक्रार नसेल आणि गाडी दहा वर्षं ठेवायची असेल, तर दीड लिटर मॅन्युअल. या सगळ्या कुटुंबातली मला सर्वांत प्रामाणिक वाटणारी गाडी तीच.

तिसरी पायरी: नाव वाचू नका, इंजिन वाचा

इथे बरेच लोक फसतात. व्हर्टसच्या मागे 'जीटी' असेल तर दीड लिटर. पण 'जीटी लाइन' नावाची श्रेणी एक लिटरचीच आहे, फक्त रंगरूप काळं आणि झणझणीत. 'जीटी प्लस' म्हणजे पुन्हा दीड लिटर. स्लाव्हियात 'माँटे कार्लो' आणि 'स्पोर्टलाइन' या श्रेण्या दोन्ही इंजिनांसह आल्या आहेत. गाडी बाहेरून तशीच दिसते, बोनेटखाली काय आहे ते बिलावर पाहावं लागतं. कोटेशनवर इंजिनाची क्षमता घनसेंमीमध्ये लिहून घ्या: दीड लिटर म्हणजे १४९८, एक लिटर म्हणजे ९९९.

वापरलेली गाडी पाहणाऱ्यांसाठी: स्लाव्हियाच्या श्रेणींची नावं २०२४ मध्ये बदलली. जुन्या अॅक्टिव्ह, अँबिशन, स्टाइल यांच्या जागी क्लासिक, सिग्नेचर, प्रेस्टिज आल्या. सहा एअरबॅगही २०२४ पासूनच सर्व श्रेणींत आल्या. त्याआधीच्या खालच्या श्रेणींत दोनच आहेत, म्हणून जुनी गाडी घेताना ते मोजूनच घ्या.

चौथी पायरी: जे दोन्हींत सारखं आहे त्यावर वेळ घालवू नका

सुरक्षेचा प्रश्न लवकर मिटतो. गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०२३ मध्ये दोन्ही गाड्यांची टक्कर-चाचणी केली. दोघींना प्रौढांसाठी ३४ पैकी २९.७१ आणि मुलांसाठी ४९ पैकी ४२ गुण मिळाले, दोन्हीकडे पाच तारे. आकडा अगदी तोच, कारण सांगाडा तोच.

उणिवाही सारख्याच आहेत. २०२५ पर्यंतच्या दोन्ही गाड्यांत मागच्या चाकांना ड्रम ब्रेक आहेत, १५० पीएसच्या गाडीलासुद्धा. रोजच्या वापरात ते पुरतात, पण या किमतीत मागेही डिस्क हव्या होत्या असं मला ठामपणे वाटतं. लेन सोडल्यावर सावध करणारी, स्वतः ब्रेक लावणारी अॅडास यंत्रणा २०२५ पर्यंतच्या या दोन्ही गाड्यांत नाही. ती तुम्हाला हवीच असेल तर ह्युंदाई व्हर्ना किंवा होंडा सिटी पाहा. व्हर्नाच्या दीड लिटर टर्बोत १६० पीएसही आहेत. पाचवा माणूस मागच्या मधल्या जागी दोन्हींत अवघडतो. या गाड्या चौघांच्या आहेत.

ग्राउंड क्लिअरन्स १७९ मिमी आहे. सेडानला हे बरंच आहे. तरी गावाकडच्या उंच गतिरोधकांची काळजी असेल तर मागे तीन माणसं बसवून तिथून गाडी नेऊन बघा. रिकाम्या गाडीवर काढलेला निष्कर्ष फसवतो.

पाचवी पायरी: बसून बघा, घरच्यांनाही बसवा

फरक उरतो तो इथे. स्लाव्हियाचं स्टिअरिंग दोन आऱ्यांचं, त्यावर अंगठ्याने फिरवायच्या चकत्या. व्हर्टसचं तीन आऱ्यांचं, बटणांचं. स्लाव्हियाचा डॅशबोर्ड गोलाईचा, व्हर्टसचा सरळ रेषांचा. वरच्या श्रेणींत एसीचं नियंत्रण दोन्हींत स्पर्शाने चालतं, आणि गाडी हलत असताना ते नीट साधत नाही. म्हणून गाडी चालवताना पंख्याचा वेग बदलून पाहा, नजर रस्त्यावरून किती वेळ हटते ते स्वतःच ताडा.

घरातल्या ज्येष्ठांना सोबत न्या. दोन्ही सेडान बुटक्या असतात. गुडघे दुखत असतील तर आत उतरणं आणि बाहेर निघणं, हे प्रत्येक बाजूने किमान दोनदा करून घ्या. आई-बाबांना मागच्या सीटवर अर्धा तास बसवा, पाठीचा कोन त्यांना मानवतो का ते विचारा. ड्रायव्हरची सीट खाली-वर करून बोनेटची कड दिसते का ते बघा. लहान उंचीच्या चालकाला याने पार्किंग सोपं किंवा अवघड होतं.

रंग आणि रूप यावर मी सल्ला देणार नाही. रोज जिला वळून पाहावंसं वाटतं ती गाडी घ्यावी, हे कारण पूर्ण खरं आहे.

सहावी पायरी: एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर

शोरूमची ठरलेली फेरी साधारण सपाट रस्त्यावर, सेल्समन बोलत असताना, पंधरा मिनिटांत संपते. तिच्यातून काही कळत नाही. आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी वेळ मागा आणि सांगून ठेवा की तासभर लागेल. दोन्ही शोरूमच्या वेळा एकामागोमाग लावा. शनिवारी स्लाव्हिया आणि पुढच्या बुधवारी व्हर्टस चालवली तर तुम्ही आठवणींची तुलना कराल, गाड्यांची नाही.

निघण्याआधी दोन्हींच्या चाकांतली हवा तपासा. प्रात्यक्षिकाच्या गाडीत ती अनेकदा जास्त किंवा कमी असते. त्यातून 'ही कडक, ती मऊ' असा फरक वाटतो, पण तो फक्त हवेचा असतो. टायरची कंपनी आणि मीटरवरचे किलोमीटरही लिहून ठेवा.

रस्ता असा निवडा: थोडी गर्दी, थोडा खराब रस्ता, एक चढ, आणि शक्य असेल तर चार-पाच किलोमीटरचा मोकळा पट्टा. पुण्यात कात्रजचा जुना घाट यासाठी उत्तम आहे, मुंबईत घोडबंदर रस्ता, कोल्हापूरला गगनबावड्याकडची वाट.

गर्दीत पाहायचं ते डीएसजीचं पहिल्या-दुसऱ्या गिअरमधलं वागणं. पाय हलका ठेवून दहा वेळा थांबा आणि निघा. हलका हिसका चालतो, थरथर नाही. मॅन्युअल असेल तर क्लच कुठे पकडतो आणि दुसऱ्या गिअरमध्ये ताशी १५ च्या वेगाला इंजिन अडखळतं का, ते पाहा.

खराब रस्त्यावर रेडिओ बंद करा. ताशी ३० ने खड्डा घ्या, मग ४५ ने. या गाड्यांची खासियत अशी की वेग वाढला की त्या जास्त स्थिर वाटतात. पण हळू वेगात लहान खड्ड्यांची टकटक आत येते. मागच्या सीटवर कुणाला तरी बसवून त्यांचं मत घ्या, ड्रायव्हरला ती टकटक कमी कळते.

घाटात वळणावर शिरताना पाय ब्रेकवरून काढा आणि स्टिअरिंग एकदाच वळवा. वळणाच्या मध्ये दुरुस्ती करावी लागली नाही, तर या गाडीवर जीव का जडतो हे तुम्हाला तिथेच उमगेल. चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ओढ बघा, डीएसजी 'एस' (स्पोर्ट) मोडमध्ये टाकून तोच चढ पुन्हा घ्या.

मोकळ्या पट्ट्यावर वेगमर्यादेच्या आत ताशी ६० वरून ९० पर्यंत जायला किती अंतर लागतं ते बघा. ओव्हरटेकसाठी कामाचा आकडा हाच, शून्य ते शंभर नव्हे. मग एकदा मागे कुणी नाही याची खात्री करून जोरात ब्रेक लावा, गाडी सरळ थांबते का ते कळेल.

उतरल्यावर दोन्हींबद्दल लगेच, एकमेकांशी न बोलता, घरातल्या प्रत्येकाने तीन ओळी लिहाव्यात. नंतर वाचताना बऱ्याचदा निर्णय आपोआप समोर येतो.

सातवी पायरी: वर्कशॉप आधी, शोरूम नंतर

गाडी तीच असल्यावर तुमचा पाच वर्षांचा अनुभव ठरवतं ते जवळचं सर्व्हिस सेंटर. हा मुद्दा मी सर्वांत वजनदार मानतो. जिल्ह्याच्या गावात राहणाऱ्याने घरापासून दोन्ही कंपन्यांची वर्कशॉप किती दूर आहेत ते आधी मोजावं. दीडशे किलोमीटरवरचं चांगलं वर्कशॉपही अडीअडचणीला उपयोगी नाही.

दोन्ही गाड्यांची सर्व्हिस दर १५,००० किमी किंवा वर्षाने, जे आधी येईल तेव्हा. सकाळी नऊच्या सुमारास वर्कशॉपच्या दारात जा, गाडी द्यायला आलेल्या मालकांशी बोला. तीन गोष्टी विचारा: सुटा भाग यायला किती दिवस लागले, शेवटच्या सर्व्हिसचं बिल किती झालं, आणि तीच तक्रार घेऊन पुन्हा यावं लागलं का. मग काउंटरवर समोरची काच, पुढचा बंपर, हेडलाइट, क्लचचा संच आणि ब्रेक पॅड यांचे दर लेखी मागा. दोन्ही कंपन्यांकडून मागा. वॉरंटी किती वर्षांची आणि किती किलोमीटरची, वाढवायला किती पैसे आणि त्यात गिअरबॉक्स पूर्ण धरलाय का, हे कागदावर घ्या. या अटी बदलत राहतात, तोंडी उत्तर चालणार नाही.

आठवी पायरी: ऑन-रोड किमतीचा हिशेब स्वतः करा

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लांब गाड्यांवर एकूण जीएसटी ४० टक्के आहे. आधी या गाड्यांवर उपकरासह ४५ टक्के होता. दोन्ही सेडान चार मीटरहून लांब असल्याने एक लिटरचं इंजिन घेऊनही लहान गाड्यांच्या १८ टक्के दराचा लाभ मिळत नाही.

महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांत १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के रोड टॅक्स. कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. म्हणजे १६ लाख एक्स-शोरूमच्या गाडीवर स्वतःच्या नावावर १ लाख ९२ हजार, फर्मच्या नावावर ३ लाख २० हजार. धंद्याच्या नावावर गाडी घेताना सीएकडून हा फरक तपासून घ्या. १० लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने गोळा करायचा आयकर) लागतो, तो आयकर विवरणात परत मिळवता येतो.

'हँडलिंग', 'लॉजिस्टिक', 'अॅक्सेसरी किट' असं काही बिलात दिसलं तर कशासाठी ते विचारा आणि नको असेल तर काढायला लावा. विमा शोरूमकडूनच घेण्याची सक्ती नाही. बाहेरून तीन दर मागवा, पण झिरो डेप (भरपाईत घसारा न कापणं), इंजिन संरक्षण आणि रिटर्न टू इनव्हॉइस (गाडी पूर्ण गेल्यास बिलाची रक्कम) तिन्हींत आहेत ना ते पाहूनच तुलना करा. शोरूममधली सूट विम्याच्या वाढीव हप्त्यातून परत घेतली जाते का, ते एकूण आकड्यावरून कळतं. म्हणून दोन्हीकडून शेवटचा एकच आकडा मागा आणि तोच ताडा.

नववी पायरी: पैसे भरण्याआधी गाडी पाहा

गाडी यार्डात आली की नोंदणीआधी, दिवसाउजेडी जाऊन पाहा. फॉर्म २१ वर, म्हणजे विक्री प्रमाणपत्रावर, उत्पादनाचा महिना असतो, तो दाराजवळच्या पट्टीशी जुळवा. गाडी सहा महिन्यांहून जुनी असेल तर बॅटरी आणि टायर बारकाईने बघा आणि सूट मागा. टायरवरचा चार आकडी कोड आठवडा आणि वर्ष सांगतो. इंजिन क्रमांक, श्रेणी, रंग, स्टेपनी, दोन किल्ल्या, सर्व काचांवरचे शिक्के पाहा. पत्र्यावरून हात फिरवून रंगाची लहर जाणवते का ते बघा. ऑटोमॅटिक असेल तर डी, आर आणि पुन्हा डी असं टाकून ठोका येतो का ते ऐका.

ताब्यात घेतल्यावर पहिले १००० किमी इंजिनाला त्याच्या कमाल फेऱ्यांच्या दोन-तृतीयांशाच्या पुढे नेऊ नका, आणि पुढच्या ५०० किमीत हळूहळू वाढवा. एकाच वेगात तासन्‌तास चालवणं या काळात टाळा. नवे टायर आणि ब्रेक पॅडही पहिल्या काही शे किलोमीटरांत पूर्ण पकड देत नाहीत, म्हणून पहिली घाटाची सहल दीड हजार किलोमीटर झाल्यावर ठरवा.